खिशातली मेलेली बाटली

आमचे डॉक्टर बर्फ कानाला लावून ऐकायचे. हसू नका, खरंच सांगते. खालापूरहून माझी बदली कर्जत तालुक्यातल्या एका आडबाजूच्या आरोग्य केंद्रात झाली. नर्स म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच बुधवारी सकाळी लसींच्या खोलीत पाऊल टाकलं, तर ओट्यावर बर्फाचे चपटे प्लास्टिकचे पॅक ओळीनं मांडलेले, आणि कपाळावर चष्मा चढवलेला एक ताडमाड माणूस त्यातला एकेक उचलून कानाजवळ हलवतोय. मी मनात म्हटलं, बाई गं, बदली मागितलीस कुठं आणि येऊन पडलीस कुठं!

"चप्पल बाहेर," ते माझ्याकडं न बघताच म्हणाले. "आणि दार लावा. हा अजून मुका आहे. हा मात्र बोलायला लागला. ऐका."

तो गारढोण पॅक त्यांनी सरळ माझ्या कानाला लावला. आत पाणी डुचमळलं.

"बोलला?"

"बोलला," मी म्हटलं. काय करणार, साहेब होते.

"मग जाऊ दे त्याला पेटीत. मुका बर्फ लसीशेजारी ठेवायचा नाही, सिस्टर. तो तिचा गळा दाबतो."

आता यात वेडेपणा काहीच नव्हता, हे मलाही ठाऊक होतं. डीप फ्रीझरमधून काढलेला पॅक इतका कडक असतो की त्याला टेकलेली लसही गोठते. म्हणून तो आधी बाहेर ठेवायचा, त्याला घाम फुटू द्यायचा, आत थोडं पाणी व्हायला लागलं की मगच पेटीत भरायचा. प्रशिक्षणात हे आम्हाला शिकवलेलंच असतं. पण घाईच्या सकाळी कोण एवढं करतो? पॅक काढला, भरला, चला. आमच्याकडं मात्र एकेका पॅकची जबानी झाल्याशिवाय जीप हलायची नाही, मग ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला तरी चालेल.

त्या खोलीत ते मोठ्यानं बोलायचे नाहीत. फ्रीजचं झाकण उघडायचं तर आधी काय काढायचं ते ठरवून या, उघडा, काढा, लावा. मी एकदा उघडं झाकण धरून विचार करत उभी राहिले, तर मागून आवाज आला, "घरात तान्हं झोपलंय आणि तुम्ही घटकेघटकेला त्याचं पांघरूण उचलून बघता का?" मी इतकी दचकले की झाकण बोटावर आपटलं. त्यावर साहेबांनी काय करावं? आधी फ्रीजचा तापमापक पाहिला, मग माझं बोट.

सकाळ-संध्याकाळ तापमान बघायचा नियम आहे, तो सगळीकडंच आहे. आता तर फ्रीजला यंत्र बसवलंय, तापमान चढलं-उतरलं की मोबाइलवर मेसेज येतो. पण यांचा यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता. "यंत्र सांगतं बरोबर," म्हणायचे, "पण त्याला लाज नसते. चुकलं तर ते रात्री जेवून झोपू शकतं." त्यांची बायको, आमच्या काकू, मोठी तोंडाळ बाई. मला म्हणाल्या, "अगं, मला मलेरिया झाला होता तेव्हा ह्या माणसानं माझ्या कपाळाला हात लावला नाही. त्या फ्रीजला मात्र दिवसातून दोनदा!" डॉक्टर शेजारीच बसून कढत चहा पीत होते. शांतपणे म्हणाले, "तू बोलून दाखवतेस. लस बोलत नाही."

गार काही प्यायचे नाहीत बरं का. आयुष्यभर थंडाव्याची राखण केली आणि स्वतः सरबतसुद्धा कोमट करून मागायचे. सरपंचांच्या लेकीचा साखरपुडा होता, बासुंदीच्या किटल्या घेऊन सरपंच थेट केंद्रावर हजर. "डॉक्टर, एवढ्या आपल्या मोठ्या फ्रीजात ठेवा, संध्याकाळपर्यंतचा प्रश्न हाय." आमचा शिपाई झाकणाकडं धावलासुद्धा. डॉक्टर दारात आडवे उभे राहिले. सरपंचांचा चेहरा लाल. गावात सरपंचांना नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. मला वाटलं, आता वाजणार! तर डॉक्टरांनी दोन्ही हातांत दोन किटल्या उचलल्या आणि चालत स्वतःच्या क्वार्टरवर गेले, घरच्या फ्रीजातली भाजी, दूध, लोणी सगळं बाहेर काढलं आणि बासुंदी आत ठेवली. काकूंनी जो तोंडाचा पट्टा सोडला तो आम्हाला केंद्रात ऐकू येत होता. संध्याकाळी पंगतीत सरपंचांनी स्वतः वाढायला घेतलं, तर डॉक्टर म्हणाले, "माझी वाटी जरा तापवून आणा."

असा माणूस. मी त्यांच्यावर चिडायचे, घरी जाऊन नवऱ्याजवळ त्यांच्या नकला करायचे, आणि मनातून त्यांना टरकायचे. टरकायचे म्हणजे ओरडतील म्हणून नाही. आपण उगाच हलक्या हातानं काम करतोय की काय, असं त्यांच्यासमोर सारखं वाटायचं.

आणि ती बाटली. शर्टाच्या खिशात कायम रुमालात गुंडाळलेली एक इवलीशी बाटली असायची. कुणी म्हणायचं अत्तर आहे, कुणी म्हणायचं आणखी काही आहे, तुम्ही समजून घ्या. मी एकदा न राहवून विचारलंच.

"मढं आहे," म्हणाले.

लसींची नवी खेप आली की त्यातली एक बाटली ते मुद्दाम डीप फ्रीझरमध्ये गोठवून मारायचे, मग वितळू द्यायचे आणि खिशात ठेवायचे. कधी एखाद्या बाटलीचा संशय आला, तर ती आणि ही मेलेली, दोन्ही एकदम हलवून शेजारी शेजारी ठेवायच्या. चांगली लस बराच वेळ दुधासारखी पांढरी राहते. गोठून गेलेलीचा गाळ भराभर खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. दोन्हींचा गाळ सारखाच बसला, तर संशयितही मेली म्हणायची.

"सिस्टर, उन्हानं मेलेली लस तोंड काळं करून सांगते, की मी गेले," ते म्हणाले. बाटलीच्या लेबलवर एक फिकट चौकोन असतो, ऊन लागत गेलं की तो काळवंडतो, त्याबद्दल बोलत होते. "थंडीनं मेलेली काहीच सांगत नाही. तीच बाटली, तसंच लेबल, तसाच चौकोन. टोचली की पोर तेवढंच रडतं. आईला वाटतं, झालं, माझं लेकरू आता राखलं गेलं."

हे बोलताना त्यांचा आवाज एकदम का उतरला, ते मला पुढं कळलं.

कळंबच्या पलीकडं डोंगराच्या पोटाशी ठाकरांची एक वाडी आहे. डॉक्टर आमच्या केंद्रात यायच्या आधीची गोष्ट. त्या वाडीतल्या पारूची पहिली मुलगी, सुंद्री, घटसर्पानं गेली. गळा आतून धरतो, श्वास अडतो, बघवत नाही. आणि त्या मुलीला सगळ्या सुया वेळेवर दिलेल्या होत्या! पारूच्या सासूनं, सोमीआजीनं, स्वतः तिला पाठुंगळी मारून खाली आणलं होतं. तेव्हापासून वाडीनं सुईचं नाव टाकलं. आमची माणसं गेली की आजी एकच बोलायची, "सुई दिऊन पन पोर गेली नव्हं? मंग सुई कशाला?" दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. यांचं तर तोंडच नाही, घर पोळलं होतं. कुठल्या तोंडानं समजवायचं?

डॉक्टर रुजू झाले तेव्हा फ्रीजच्या तळाला, बर्फाच्या थराला चिकटून, त्या मुलीला दिलेल्याच खेपेच्या काही बाटल्या उरलेल्या त्यांना सापडल्या. त्यांनी त्या हलवून पाहिल्या. सगळ्या मेलेल्या. वर कळवलं. वरून तोंडी निरोप आला, की आता ते उकरून काढू नका, लोक बिथरतील, उरलीसुरली गावंही सुया बंद करतील. डॉक्टर गप्प बसले. काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या.

मग पारूला दुसरी मुलगी झाली. ती रांगायला लागली आणि शेजारच्या वाडीत पुन्हा एका मुलाचा गळा धरला. ते पोर वाचलं, पण डॉक्टरांची झोप उडाली. ते दर दोन-तीन दिवसांनी चढण चढून सोमीआजीच्या ओट्यावर जाऊन बसायचे. आजी पाणी द्यायची, उत्तर द्यायची नाही. पारू दाराआडून बघायची. एकदा ती मला विहिरीवर भेटली, पोर कडेवर. म्हणाली, "सिस्टर, मला दियाची हाय सुई. पन आत्याबाईचा सबूद मोडून कशी येऊ? हिला काय झालं तर मी जगायची नाय." एवढं बोलून रडायला लागली. मी तिच्या पोरीच्या गालाला हात लावला आणि आले.

शेवटी आजीचा निरोप आला. बुधवारी सकाळी डॉक्टर स्वतः वर येऊन आधी माझ्या घरी बसला, तर मी वाडीतली समदी पोरं शाळेत घेऊन येते. डॉक्टर लहान मुलासारखे हरखले. आता पेच असा, की ते कायम लसींची पेटी जीपमध्ये मांडीवर घेऊन बसायचे. त्या दिवशी मात्र जीप उशिरा निघणार होती, म्हणून पहाटेच मोटारसायकलवर मला मागं घेऊन ते वर गेले आणि जन्मात पहिल्यांदा पेटी हातातून सोडली. बर्फाची जबानी घेतली, पेटी भरली, ड्रायव्हरला दहादा बजावलं आणि निघाले.

वैशाखाचं ऊन. जीप कळंबच्या अलीकडं बंद पडली. तेवढ्यात मागून कासमचाचांचा टेंपो आला. कासमचाचा म्हणजे या भागातले मासळीचे व्यापारी, इथल्या रिसॉर्टांना सुरमई-पापलेट पुरवणारे. मोठा दिलदार माणूस, वाटेत कुणी चालताना दिसलं की टेंपोत घेणारच. ड्रायव्हरनं पेटी त्यांच्या हवाली केली आणि स्वतः जीपपाशी थांबला.

इकडं शाळेच्या व्हरांड्यात अख्खी वाडी बसलेली. पुढं सोमीआजी, तिच्या मागं पारू, पोर मांडीवर. चाचा घामाघूम होऊन पेटी घेऊन आले. डॉक्टरांनी झाकण उघडलं आणि त्यांचा हात तसाच राहिला. आत आमचे पॅकच नव्हते. काठोकाठ बर्फाचा चुरा, आणि त्यात रुतवलेली बाटल्यांची पिशवी.

"हे काय, चाचा?"

"डॉक्टरसाब, अल्ला कसम, तुमच्या पेटीतल्या बरफाला घाम फुटलेला!" चाचा कौतुकानं सांगायला लागले. "आत पानी वाजत होतं. मी म्हटलं, एवढं ऊन हाय, पोरांची दवा हाय, कुणी गाढवानं भरली? समदा काढला नि माझा भरला. मीठ मारून! मीठ मारलं की बरफ कसा कडक होतो, बघा. सुरमईला पण मी एवढा जपत नाय."

मी कपाळाला हात लावला. मिठाचा बर्फ! साध्या बर्फाच्याही खाली जातो तो, कुल्फी जमते त्यात. ज्या घाम फुटलेल्या पॅकसाठी डॉक्टर पहाटे कान लावून बसले होते, तेच चाचांनी बिचाऱ्यांनी वाईट म्हणून काढून टाकले. आणि त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्या धंद्यात घाम फुटलेला बर्फ म्हणजे माल गेला.

डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, "चाचा, तुम्ही तुमच्या कामात चोख आहात. पण तुमचा माल आधीच मेलेला असतो. माझा जिवंत असतो."

त्यांनी पिशवीतली एक बाटली काढली, ती पुरती वितळू दिली, मग खिशातली काढली, दोन्ही एका मुठीत धरून हलवल्या आणि व्हरांड्याच्या कठड्यावर सावलीत शेजारी शेजारी ठेवल्या. मग उकिडवे बसून डोळा बाटल्यांच्या पातळीला आणला. वाडी बघत होती. हळूहळू दोन्ही बाटल्यांत वर पाणी नितळ होत गेलं, खाली गाळ. एकसारखा.

अंगणवाडीच्या ताई त्यांच्या कानाशी वाकल्या. "सर, देऊन टाकू या. आज परत पाठवलं तर ही माणसं जन्मात पुन्हा यायची नाहीत. सवय तर लागू दे. पुढच्या खेपेला खरी देऊ." ताई वाईट नव्हत्या हो. मलाही क्षणभर तेच बरोबर वाटलं.

डॉक्टर उठले आणि सोमीआजीसमोर खाली जमिनीवर बसले.

"आजी, ही दवा मेली. वाटेत गोठली. चूक माझी, मी पेटी सोडून आलो. ही टोचली तर पोर रडेल, पण तिची राखण होणार नाही. म्हणून आज सुई नाही."

आजीनं काठी जवळ ओढली.

"आणखी एक. तुमच्या पहिल्या नातीला दिली ती पण बहुतेक अशीच मेलेली होती. सुई खोटी नव्हती. तुम्ही पोर आणली, बरोबर केलंत. बाटली मेलेली होती. मी नंतर तपासली. मला ठाऊक होतं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

पारूच्या तोंडून एक आवाज निघाला. मला तो अजून आठवतो.

"कवापासून ठावं व्हतं तुला?" आजीनं विचारलं.

"इथं आलो तेव्हापासून."

आजी काठी टेकत उठली. "चला रं," म्हणाली. अख्खी वाडी उठली. पोलिओचे थेंब गोठून बिघडत नाहीत, ते तरी द्यावेत म्हणून मी पुढं झाले, तर कुणी थांबलं नाही. पारू तेवढी वळणावर एकदा मागं वळून बघत उभी राहिली, मग तीही गेली.

मी आयुष्यात साहेब खूप पाहिले. चूक दुसऱ्याच्या डोक्यावर ढकलणारे पाहिले, फायलीत गाडणारे पाहिले. ज्यांचं पोर गेलं त्यांच्या पायाशी बसून, कुणी विचारलेलं नसताना, असं सांगणारा माणूस एकच पाहिला. त्या दिवशी मी मोटारसायकलवर त्यांच्या मागं बसून रडत आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या नकला करायचं आपोआप बंद झालं.

पुढच्या बुधवारी ते पुन्हा निघाले. निरोप नाही, बोलावणं नाही. ताई म्हणाल्या, कशाला जाता, मारतील. कासमचाचा मात्र टेंपो धुऊनपुसून दारात उभे. "माझ्या हातानं मेली, माझ्याच गाडीतून जिवंत जाईल," म्हणाले आणि बैलगाडीच्या चालीनं टेंपो हाकला. डॉक्टर पुढं बसलेले, मांडीवर पेटी.

शाळेत चिटपाखरू नव्हतं. आम्ही बसून राहिलो. ऊन चढलं. चाचा तोंडातल्या तोंडात दुवा मागत होते. मी मनातल्या मनात सगळे देव पाण्यात ठेवले. बऱ्याच वेळानं उतारावरून काठीचा आवाज आला. सोमीआजी. एकटीच.

ती येऊन कठड्यापाशी बसली. "ती मेलेली हाय तुझ्यापाशी?"

"आहे."

"मला दे. आन आजची पन दे."

ज्या माणसानं मला कधी बाटली जास्त वेळ तळहातावर धरू दिली नाही, हाताची ऊब लागते म्हणायचे, त्यांनी पेटी उघडली आणि दोन्ही बाटल्या म्हातारीच्या मुठीत दिल्या. तिनं हलवल्या. दळण दळायच्या जोरानं हलवल्या. मग कठड्यावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि डॉक्टरांसारखीच वाकून, मिचमिच्या डोळ्यांनी बघत बसली. डॉक्टर तिच्या शेजारी हात जोडल्यासारखे गुडघ्यांत अडकवून बसले होते. कुणी घाई केली नाही. एका बाटलीत पाणी वरून नितळ होत गेलं, गाळ खाली बसला. दुसरी पांढरी होती. तशीच राहिली. बराच वेळ झाला तरी पांढरीच.

आजीनं नितळलेली बाटली उचलली आणि पदराच्या टोकानं पुसली. एखाद्या पोराचं तोंड पुसावं तशी. "माझ्या सुंद्रीला ही दिली," म्हणाली. तिच्या सुरकुत्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टरांनी मान खाली घातली, वर केलीच नाही.

मग ती काठीला रेटा देऊन उभी राहिली, डोंगराकडं तोंड केलं आणि त्या वयात एवढा आवाज कुठून आला कोण जाणे, पण अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"पारू! आन गं पोरीला. ही जिती हाय!"